पावडर मारूनही कोंबड्यांची पिसं परत परत झडतायत? आधी हे तपासा

"पावडर मारली, आठ-दहा दिवस बरं वाटलं, आता परत पाठ उघडी पडलीय." परसात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. परभणीकडं असो, बीडकडं असो की उदगीरच्या बाजूला, शब्दसुद्धा तेच असतात. पावडर बहुतेक वेळा खोटी नसते. ती भलत्याच कारणावर मारलेली असते, नाहीतर कारण बरोबर असूनही जागा चुकलेली असते. दोष कोंबडीच्या अंगावर नसून खुराड्याच्या भिंतीत असला, तर कोंबडीला कितीही पांढरं करा, रात्री ती परत त्याच भिंतीला टेकून बसणार.

पिसं जाण्याची कारणं थोडीच आहेत, आणि जवळपास प्रत्येक कारण अंगावरच्या वेगळ्या जागेवरून पिसं नेतं. म्हणून दुकानात जायच्या आधी कोंबडी हातात घ्या.

कोंबडी पाहायची कशी

रात्री खुराड्यातून काढून डालग्याखाली वेगळी ठेवा आणि सकाळी उन्हात बघा. दिवसा अंगणभर पळवून धरलेली कोंबडी इतकी फडफडते की निम्मी पिसं तिथंच पडतात आणि बघणाऱ्याचा अंदाज चुकतो. काखेत धरून आधी डोकं आणि मान, मग पाठ, शेपटीचं मूळ, पंखांची आतली बाजू, आणि शेवटी शेपटीखालची पिसं फुंकर मारून उलटी करून बघा. पिसं आहेत की नाहीत एवढ्यावर थांबू नका. जिथून गेलीत तिथली कातडी कशी आहे ते बघा: फिकट आणि स्वच्छ, लाल, खपल्या धरलेली, की रक्ताळलेली? पिसाची दांडी मध्येच मोडलीय की पीस मुळापासून सुटलंय? नवीन पिसांचे काट्यासारखे कोंब दिसतात का?

डोकं आणि मानेपासून सुरुवात होऊन खाली उतरत गेलेली झड, कातडी स्वच्छ आणि जागोजागी कोंब, असं असेल तर तो आजार नाही. फक्त पाठ, पंखांची मुळं आणि डोक्याची मागची बाजू उघडी असेल तर आधी कोंबड्याकडं बघा. शेपटीच्या मुळावर अर्धवट तुटलेली पिसं आणि रक्ताचे ठिपके असतील तर दुसऱ्या कोंबड्या चोच मारतायत. शेपटीखाली पिसांच्या मुळाशी पांढरट गोळे चिकटलेले असतील तर उवा. छाती-पोटाखालची जागा तेवढी मोकळी आणि कोंबडी अंड्यांवर गच्च बसलेली असेल तर ती खुडूक आहे. अंड्यांना अंगाची ऊब थेट लागावी म्हणून तिची तिथली पिसं जातात. तिला औषध नको. मानेची पुढची बाजूच घासलेली असेल तर खाण्याच्या डब्याची कड किंवा जाळीचं भोक बघा. कापलेल्या तेलाच्या डब्यात दाणे घालणाऱ्या घरी हे हमखास सापडतं. पत्र्याची कड ठोकून आत वळवली की काम झालं.

दसऱ्यानंतरची झड

दिवस लहान होऊ लागले की मोठी कोंबडी जुनी पिसं टाकते आणि नवी घेते. मराठवाड्यात जूनमधला मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा, डिसेंबरात तो अकरावर येतो. पोळा झाल्यावर उजेड कमी होत गेल्याचं कोंबडीच्या शरीराला बरोबर कळतं. वर्ष-दीड वर्षाच्या कोंबडीची पहिली मोठी झड या सुमारास सुरू होते. दसरा-दिवाळीत ती अगदी केविलवाणी दिसते, आणि येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या, डिसेंबर-जानेवारीच्या) आसपास बहुतेकींच्या अंगावर नवी चकचकीत पिसं आलेली असतात. सगळं मिळून आठ ते बारा आठवडे लागतात. या काळात अंडी बंद होतात किंवा फार कमी येतात, आणि नेमकी तेव्हाच बरीच मंडळी "ही आता अंडी देत नाही" म्हणून तिला बाजार दाखवतात. नव्या पिसांसह पुढचा हंगाम गाठायला निघालेली कोंबडी आपण मातीमोल भावात विकून येतो.

पीस म्हणजे बहुतांशी प्रथिनच, शंभरातले ऐंशीच्या वर भाग. अंडी आणि पिसं एकाच वेळी पुरवणं तिला झेपत नाही, म्हणून ती अंडी थांबवते. या दिवसांत तिला प्रथिनं द्या (खाण्याचा हिशोब पुढं आहे), आणि उगीच धरू नका. नव्या पिसाच्या कोंबात रक्त असतं; तो दाबला गेला की तिला दुखतं आणि मोडला तर रक्त येतं.

एक खूण लक्षात ठेवा. ऋतूची झड एकेका कोंबडीत मागंपुढं सुरू होते, पण वेळ साधारण ठरलेली असते. चैत्र-वैशाखात अचानक सगळ्याच कोंबड्या पिसं टाकू लागल्या, तर मागच्या दोन-तीन आठवड्यांत काय घडलं ते आठवा. एखादा दिवस पाणी मिळालं नाही, खाद्य एकदम बदललं, कुत्रं खुराड्यात घुसलं, अशा धक्क्यानंही झड होते. टँकरच्या गावात कोंबड्यांचं पाणी शेवटी भरलं जातं, हे कुणाला सांगायला नको. वाढत्या पिल्लांचीही पिसं मोठी होईपर्यंत पुन्हा पुन्हा बदलतात, त्यावर औषध शोधू नका.

कोंबडा जड आणि कोंबड्या थोड्या

पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत आठ-दहा आठवड्यांच्या पंचवीस तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणि तीन नर मिळतात. म्हणजे एका नरामागं आठ माद्या, हिशोब बरोबर आहे. पण पुढं काय होतं? मुंगूस चार नेतं, दोन आजारानं जातात, काही विकल्या जातात. कोंबडे मात्र जत्रेसाठी राखून ठेवलेले असतात. वर्षानं बघितलं तर आठ कोंबड्यांवर तीन कोंबडे. त्यातही आवडीच्या दोघी-तिघी ठरलेल्या, त्यांचीच पाठ सोलून निघते. गिरिराज किंवा वनराज या सुधारित जातीचा दांडगा नर आणि अंगानं बारीक गावरान कोंबडी अशी जोडी असली तर नुकसान आणखी.

उपाय सरळ आहे. आठ-दहा कोंबड्यांमागं एकच कोंबडा ठेवा, बाकीचे वेगळे बांधा किंवा त्यांचा योग्य तो निकाल लावा. आखाड कुठं लांब असतो? नुसती अंडी खायला हवी असतील तर कोंबड्याची गरजच नाही, त्याच्याविना कोंबडी अंडी देतेच. ठेवलेल्या कोंबड्याच्या पायाचे काटे वाढून टोकदार झाले असतील तर टोकाचा थोडासा भाग कानशीनं घासून बोथट करा. आत रक्तवाहिनी असते, म्हणून मुळाकडं जाऊ नका. पाठ सोललेल्या कोंबड्या पिसं भरेपर्यंत वेगळ्या ठेवा. जुन्या जीनच्या कापडाचा तुकडा पंखांखालून दोन नाड्यांनी बांधला तरी पाठ वाचते, फक्त त्याच्याखाली उवा साचतात, म्हणून आठवड्याला सोडून बघावं लागतं.

अंगावर राहणारे आणि भिंतीत राहणारे

तक्रार परत परत येते ती मुख्यतः इथं. बोलताना आपण सगळ्यांनाच "पिसवा झाल्या" म्हणतो, पण यात दोन वेगवेगळ्या जाती आहेत आणि दोघींचा इलाज उलट आहे.

उवा कोंबडीच्या अंगावरच जन्मतात आणि तिथंच मरतात. पिवळसर, चपट्या, पिसं उलटी केली की पळत सुटतात. लिखा शेपटीखालच्या पिसांच्या मुळाशी गोळ्यासारख्या चिकटतात. कोंबडीवरून उतरवल्या तर उवा आठवडाभरात मरतात. म्हणून यांच्यावरचं औषध कोंबडीच्या अंगाला लावायचं. पण औषध जिवंत उवा मारतं, लिखांना धक्का लागत नाही. चार ते सात दिवसांत त्या फुटतात, दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी अंडी घालायला तयार. "आठ-दहा दिवस बरं वाटलं" याचं गणित हे आहे. पहिल्या वेळेनंतर दहा ते चौदा दिवसांनी दुसरी फेरी झालीच पाहिजे, आणि दोन्ही वेळा सगळ्या कोंबड्यांना, कोंबड्यासकट, एकाच दिवशी. "हिला काही दिसत नाही" म्हणून एक सोडली की तिच्याकडून सगळ्यांना परत.

लाल माइट (गोचिडीच्या कुळातला, पण अगदी बारीक रक्त पिणारा किडा) आणि कोंबडीची गोचीड मात्र दिवसा कोंबडीवर जवळजवळ सापडतच नाहीत. त्या खुराड्याच्या फटीत, बसायच्या दांडीच्या सालीखाली, मातीच्या भिंतीच्या भेगेत दडतात. रात्री बाहेर येतात, रक्त पितात आणि उजाडायच्या आत घरी. सकाळी कोंबडी तपासली तर स्वच्छ! म्हणून रात्रीची तपासणी. अंधार पडून दोन-तीन तास झाले की विजेरी घेऊन जा. दांडीच्या खालच्या बाजूनं पांढरं फडकं घट्ट फिरवा. लाल डाग उमटले तर माइट आहेत, रक्त पिऊन फुगलेल्या. उपाशी माइट करड्या दिसतात, म्हणून राखेसारखी हलणारी भुकटी दिसली तरी तेच समजा. गोचीड मोठी असते, चपटी, चामड्यासारखी, भेगेत काडी घातली की बाहेर येते. तिची बारीक पिल्लं मात्र कोंबडीला काही दिवस चिकटून राहतात, पंखांखाली निळसर-लाल दाण्यांसारखी.

या दोघींनी पिसांचा जेवढा नाश होतो त्याहून रक्ताचा जास्त होतो. तुरा पांढरा पडतो, अंडी घटतात, कोंबडी संध्याकाळी खुराड्यात जायला तयार होत नाही आणि झाडावर, वळचणीला, कुठंही बसते. "अलीकडं कोंबड्या आत जातच नाहीत" असं ऐकलं की मी पहिली शंका खुराड्यावरच घेतो. गोचिडीमुळं स्पायरोकीटोसिस नावाचा तापही येतो: कोंबडी मलूल, हिरवट संडास, पाय लुळे पडणं, पटापट मर. मानमोडी (राणीखेत) समजून लोक हात टेकतात, पण हा जिवाणूंचा आजार आहे आणि डॉक्टरांनी वेळेत पेनिसिलिन दिलं तर कोंबड्या वाचतात.

मोठी गोचीड काही न खाता वर्षाच्या वर जगू शकते. लाल माइटसुद्धा कित्येक महिने तग धरते. दुष्काळात कोंबड्या विकून टाकल्या, खुराडं वर्षभर रिकामं पडलं, पाऊस चांगला झाल्यावर नव्या तलंगा आणल्या आणि महिन्याभरात त्यांचेही तुरे पांढरे पडले, तर आणताना दोष आला नव्हता, भिंतीत वाट बघत बसला होता. नवीन कोंबड्या आणायच्या तर आधी जुन्या खुराड्याचा बंदोबस्त करा.

तो असा. सकाळी सगळ्या कोंबड्या बाहेर. खालचं भुसकट, शेण, घरट्यातला कडबा, सगळं काढून लांब नेऊन जाळा. दांड्या काढा. फटींमध्ये उकळतं पाणी ओता, नुसतं शिंपडू नका. बांबूचं डालगं असेल तर उकळतं पाणी ओतून एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन दिवस उलटं टाका. तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कुड असेल तर दोन्ही बाजूंनी शेणमातीनं लिंपा, एकही भेग उघडी राहता कामा नये, आणि वाळल्यावर चुन्याचा हात फिरवा. बाभळीची सालीसकटची दांडी फेकून द्या. गुळगुळीत बांबू किंवा पाइप लावा. दांडीची दोन्ही टोकं भिंतीत खुपसण्याऐवजी दोन खुंटांवर ठेवा आणि खुंटांचे पाय जळक्या ऑइलच्या वाट्यांत उभे करा, म्हणजे भिंतीतून चढणाऱ्यांची वाट बंद. वाट्यांवर झाकण हवं, नाहीतर कोंबडी त्यात चोच बुडवते.

हे सगळं सात-आठ दिवसांच्या अंतरानं तीनदा. माइटची पिढी सात ते दहा दिवसांत तयार होते, एकदा केलेली सफाई म्हणजे निम्मं काम. तिसऱ्या फेरीचा कंटाळा सगळ्यांना येतो आणि पुढच्या पावसाळ्यातली तक्रार तिथंच जन्माला येते.

उवाही नाहीत, रात्रीही काही सापडत नाही, पण कोंबडी स्वतःच स्वतःची पिसं उपटतेय, दांड्या मोडलेल्या, मुळाशी खपल्या, असं असेल तर कातडीत घुसणारी माइट असू शकते. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते, तेव्हा हे काम दवाखान्याचं. तिचीच बहीण पायाचे खवले उचलते. तिथं मात्र घरी इलाज होतो: पाय कोमट साबणपाण्यानं धुऊन, वाळवून, खवल्यांना खोबरेल किंवा व्हॅसलीन भरपूर चोपडायचं, दर दोन-तीन दिवसांनी, महिनाभर. खवले ओढून काढायचे नाहीत.

औषधाबद्दल थोडं स्पष्ट

घरात कपाशीवर मारायचं औषध पडलेलं असतं, पंप असतो, आणि "थोडंसं मारलं तर काय होतंय" असं वाटतं. होतं. मोनोक्रोटोफॉस पक्ष्यांना अतिशय विषारी आहे. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, काहीच कोंबडीच्या अंगावर किंवा खुराड्यात नको. जुनी माणसं अजून गॅमेक्सिनची आठवण काढतात. त्यातल्या बीएचसी या कीटकनाशकावर 1997 पासून देशात बंदी आहे. कोंबड्यांना सर्रास लावली जाणारी कार्बारिल पावडर 2018 च्या आदेशानं बंद झाली. कुणाच्या माळ्यावर जुना डबा निघालाच तर तो वापरायचा नसतो. तंबाखूचं पाणी हाही जुना तोडगा, आणि त्यानं उवांबरोबर कोंबडीही मरू शकते. रॉकेल, फिनेल अंगाला लावल्यानं कातडी भाजते.

जनावरांसाठी म्हणून मिळणारी डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा परमेथ्रिनची औषधं वापरली जातात, पण प्रमाण लेबलावरचं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं, अंदाजाचं झाकण नको. जनावराच्या गोचिडासाठी कालवलेलं पाणी तसंच कोंबडीवर ओतू नका. डोळे, चोच, खाण्याची भांडी आणि अंडी झाकून. औषधानंतर किती दिवस अंडी खायची-विकायची नाहीत, हे डॉक्टरांना विचारूनच घ्या. आयव्हरमेक्टिनच्या बाबतीत तर नक्कीच, आणि चावणाऱ्या उवांवर त्याचा भरवसाही कमी. घरात मांजर असेल तर परमेथ्रिनपासून तिला लांब ठेवा, तिला ते बाधतं.

सीताफळाच्या बियांची भुकटी उवा मारते, हे खरं आहे. बालाघाटाच्या डोंगरात, धारूरकडं, हंगामात बियांचे ढीग पडतात, त्यामुळं सल्ला देणारेही पुष्कळ. पण ती भुकटी डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते, कोंबडीच्याही आणि लावणाऱ्याच्याही. वाऱ्यात उडवून मारायची वस्तू नाही ती. मी तरी सांगत नाही.

त्यापेक्षा कोंबडीला तिचं तिला काम करू द्या. धुळीत लोळणं हेच तिचं उवांवरचं औषध. उन्हाळ्यात अडचण नसते, पण आपली काळी माती पावसाळ्यात चिखल होते आणि चार महिने तिला लोळायला कोरडी जागाच मिळत नाही. श्रावण-भादव्यात उवा एकदम वाढलेल्या दिसतात, त्याला हे एक कारण आहे. छपराखाली जुनं टायर किंवा टोपलं ठेवा, त्यात चाळलेली कोरडी माती दोन भाग आणि चुलीची लाकडाची राख एक भाग. राख भिजली की कातडीला झोंबते, म्हणून ओलं झालं की बदला. प्लास्टिक जाळलेल्या चुलीची राख नको. फार झालेल्या उवा नुसत्या राखेनं जात नाहीत. त्या मारून झाल्यावर परत येऊ नयेत म्हणून ही सोय.

चोच मारण्याची सवय

पेरणीच्या दिवसांत एक गोष्ट दरवर्षी घडते. मृगात सोयाबीन पेरलं की शेजारी सांगून जातो, "कोंबड्या सोडू नका." वर्षभर उकिरड्यावर, बांधावर हिंडणाऱ्या कोंबड्या दोन-तीन आठवडे कोंडल्या जातात. रब्बीच्या ज्वारीला पुन्हा तेच. आत काम नाही, उकाडा आहे, जागा नाही, आणि कुणातरी एकीच्या शेपटीवर रक्ताचा ठिपका दिसतो. लाल दिसलं की सगळ्या तिथंच टोचतात. पंधरा दिवसांत निम्म्या कोंबड्यांची शेपटी साफ. घरात म्हणतात "रोग आला", पण रोग नसतो, कोंडणं असतं.

कोंडायचंच असेल तर आत दर कोंबडीमागं कमीत कमी दोन चौरस फूट आणि बाहेर जाळीच्या आवारात आठ-दहा चौरस फूट जागा द्या. दाणे भांड्यात न टाकता कडब्याच्या कुट्टीत विखरून टाका, म्हणजे उकरण्यात दिवस जातो. मेथीची किंवा शेपूची जुडी चोच पोचेल इतक्या उंचीवर टांगा. पाणी दोन ठिकाणी, सावलीत. पत्र्याच्या खुराड्यावर पाचट किंवा कडबा टाका. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत तापलेल्या पत्र्याखाली माणूससुद्धा शेजाऱ्याला टोचेल.

टोचणारी बहुतेक वेळा एकच असते, तिला हेरा. लोक जखमी कोंबडी वेगळी करतात. ते करायचंच, पण टोचणारीलाही चार-पाच दिवस वेगळं डालग्याखाली ठेवा. परत सोडली की तिचा कळपातला जुना दरारा गेलेला असतो आणि बऱ्याचदा सवयही मोडते. जखमेवर जेन्शन व्हायोलेट, म्हणजे ते जांभळं औषध, लावा. जखम वाळते आणि लाल रंग झाकला जातो. पावसाळ्यात उघडी जखम म्हणजे माश्यांना आमंत्रण, दोन दिवसांत किडे पडतात. जखम भरेपर्यंत रोज बघायची. शेपटीखाली टोचलेली असेल तर मागचं अंग बाहेर आलंय का तेही बघा. तशी कोंबडी कळपात ठेवली तर बाकीच्या तिला मारून टाकतात.

आता खाण्याचा हिशोब. हिंडणारी कोंबडी किडे, वाळवी, गोगलगाय असं बरंच काही मिळवते. कोंडलेल्या कोंबडीला आपण नुसती ज्वारी टाकतो. ज्वारीत प्रथिन दहा टक्क्यांच्या आसपास, तिला लागतं सोळा-अठरा टक्के, पिसं येताना थोडं जास्तच. उपाय लातूरच्या बाजारात पोत्यानं पडलेला आहे. सोयाबीनची पेंड, म्हणजे डीओसी, प्रथिनात साधारण पंचेचाळीस टक्के. तीन किलो भरडलेल्या ज्वारीत एक किलो पेंड मिसळली की मिश्रण साडेअठराच्या वर जातं. घरचं कच्चं सोयाबीन मात्र भरडून घालू नका, कच्च्यात प्रथिन पचू न देणारा घटक असतो; नीट भाजून मगच. पिसासाठी लागणारं मेथिओनिन सोयाबीनमध्ये कमी असतं, ते तिळाच्या पेंडीत चांगलं मिळतं, म्हणून मूठभर तीही. बाजारातली सुकट उत्तम, पण खारवलेली असेल तर धुऊन, कारण जास्त मीठ कोंबडीला विष आहे. मीठ अजिबातच नसेल तरी ती टोचाटोची करते, म्हणून दहा किलो खाद्याला तीस-चाळीस ग्रॅम पुरे, आणि सुकट खारी असेल तर तेवढंही नको.

पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी आणि बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड "कोंबड्यांना चालते" म्हणून ठेवली जाते. चालत नाही. बुरशीच्या विषानं यकृत जातं, पिसंही धड येत नाहीत.

दवाखान्यात कधी

वरचं सगळं बघूनही तीन आठवड्यांत फरक नसेल, कातडीला खपल्या वाढत असतील, तुरा पांढरा पडून कोंबडी मान टाकत असेल, तर गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा 1962 या क्रमांकावर फोन करा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं कातडीची, रक्ताची तपासणी होते. जाताना रात्री फडक्यावर सापडलेले किडे छोट्या झाकणाच्या बाटलीत घ्या, मुळासकट दोन-चार पिसं कागदात, आणि काय काय औषध किती वेळा मारलं ते खरं सांगा.

नुसती पिसं झडणं हे बर्ड फ्लूचं लक्षण नाही, पण एक-दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या एकदम मेल्या, तुरा आणि गलोल (चोचीखालची लोंबती कातडी) निळे पडले, डोकं सुजलं, तर उघडी पाठ विसरा आणि लगेच पशुसंवर्धन विभागाला कळवा. मेलेल्या कोंबड्या नदीत-ओढ्यात टाकू नका, उरलेल्या बाजारात नेऊ नका. जानेवारी 2021 मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंब्याला आणि जानेवारी 2025 मध्ये उदगीरला, तिथं कावळ्यांमध्ये, हा रोग सापडलेला आहे.

राहिली एक कोंबडी, जिच्याबद्दल दर जत्रेनंतर कुणी ना कुणी विचारतं: मान पूर्ण उघडी, बाकी अंगभर पिसं, तब्येत ठणठणीत, अंडी नेमानं. ती जन्मापासून तशीच आहे का, एवढंच विचारा. असेल तर ती उघड्या मानेच्या जातीची आहे. हा गुण रक्तातून येतो, पिसं कमी असल्यानं तिला उन्हाळा इतर कोंबड्यांपेक्षा चांगला सोसतो, आणि तिच्या मानेला कसलंही मलम चोपडायची गरज नाही. तिची अंडी उबवायला ठेवा, पिल्लांतली बरीचशी तशाच मानेची निघतील.